"बाईचं दुःख सगळीकडे सारखंच, मग जात-वर्ग मध्ये कशाला आणता?"

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आयटी कंपनीतल्या महिला गटाने मासिक पाळीच्या रजेची मागणी लिहायला घेतली, तेव्हा एका मुलीने विचारलं की आपल्या मजल्यावर हाउसकीपिंगला येणाऱ्या मावशींचं काय, आणि इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द वापरला, म्हणजे बाई असणं, जात, वर्ग हे एकाच वेळी एकमेकांत गुंतून येतं, वेगळं काढून बघता येत नाही. त्यावरून दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, पाळी सगळ्या बायकांना येते, बाईचं दुःख सारखंच, हे अमेरिकेतलं फॅड आणून गट कशाला फोडायचा. प्रश्न विचारणारी विचारतेय की हे खरंच एवढं महत्त्वाचं आहे का आणि असेल तर रोजच्या कामात त्याचं करायचं काय.

मी बरीच वर्षं कामगार बायकांच्या तक्रारींचं काम करते, म्हणजे अर्ज लिहून देणं, लेबर ऑफिसच्या चकरा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची जिल्ह्याची स्थानिक समिती, वेळ पडली तर कोर्ट. त्यामुळे पुस्तकी उत्तर देणार नाही, पण थोडा इतिहास सांगावाच लागेल कारण फॅड म्हणणाऱ्यांना तो माहीत नसतो.

शब्द अमेरिकेतला आहे हे खरं. किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या वकील-प्राध्यापिकेने तो १९८९ मध्ये एका लेखात वापरला, आणि त्या लेखामागे एक अगदी साधी नोकरीची केस होती. जनरल मोटर्सच्या कारखान्यातल्या पाच काळ्या बायकांनी केस टाकली होती, एमा डीग्रॅफनरीड आणि इतर. कंपनीने १९६४ च्या आधी काळ्या बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे पुढे मंदीत "जो शेवटी लागला तो आधी जाणार" या नियमाने कपात झाली तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका घरी गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट काय म्हणालं, तर कंपनीने १९६४ च्या आधीही बायकांना नोकऱ्या दिल्यात, मग बाई म्हणून भेदभाव नाही. (त्या बायका गोऱ्या होत्या, ऑफिसात बसणाऱ्या.) वंशाचा भेदभाव म्हणत असाल तर तशी दुसरी केस चालू आहे, तिच्यात सामील व्हा. दोन्ही एकत्र करून नवीन तक्रार आणता येणार नाही. म्हणजे बाई म्हणून कायदा होता, काळी म्हणून कायदा होता, आणि काळ्या बाईला दोन्ही असून काहीच नव्हतं. क्रेनशॉने त्याला चौकाची उपमा दिली, दोन रस्त्यांवरून गाड्या येतात, चौकात उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या बाजूची धडक बसली हे सांगता येत नाही म्हणून ॲम्ब्युलन्स येतच नाही.

एवढंच आहे ते. इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे स्वतःची ओळख करून देताना "मी अमुक जातीची, अमुक वर्गाची, अमुक अमुक" अशी यादी वाचून दाखवणं नाही. हल्ली ट्रेनिंगमध्ये असले खेळ घेतात, सगळ्यांना एका रेषेत उभं करतात आणि ज्याला त्रास कमी तो एक पाऊल पुढे. मला ते अजिबात आवडत नाही, त्यातून ज्या बाईला खरंच भोगावं लागलंय तिचं प्रदर्शन होतं आणि बाकीच्यांना तासभर अपराधी वाटतं, बस. माझ्यासाठी हा उपाय तपासायचा मार्ग आहे. आपण कायदा मागितला, योजना मागितली, रजा मागितली, तर ती कुठल्या बाईपर्यंत पोचणार नाही आणि का पोचणार नाही, हे आधी शोधायचं.

आता आपल्याकडचं बघू, आणि ऊसतोडीपासूनच बघू कारण पाळीच्या रजेचाच विषय आहे. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, टनाचा दर लागतो तोही कोयत्यावर. एक दिवस काम बुडलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. बाई पहाटे उठून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, स्वयंपाक करते, उसाच्या फडात दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते, रात्री गाडी भरायला आली तर परत उठते. संडास नाही, पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून खाजगी दवाखान्यात गेली की डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार आणि गर्भपिशवी काढा सांगणार. ऑपरेशनला पैसे कुठून, तर मुकादमाकडून, म्हणजे पुढच्या सीझनची उचल आत्ताच डोक्यावर. २०१९ मध्ये बातम्या आल्या, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८०० पेक्षा जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या आतबाहेरच्या.

आता या बाईचा प्रश्न नेमका कुठल्या खात्याचा? आरोग्य खात्याला वाटलं डॉक्टरांची चूक, म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा नियम आला, चांगलं झालं, पण खाडा तसाच राहिला. युनियनचं काम दर वाढवणं, ते त्यांनी केलं, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, पण पैसे कोयत्यावर म्हणजे नवऱ्याच्या हातात, कारण मुकादमाशी व्यवहार त्याचा. कुणी सॅनिटरी पॅड वाटले. ते टाकायचे कुठे, बदलायचे कुठे, याचा विचार कुणी केला नव्हता. प्रत्येकाने एकेक बाजू धरली. ती बाई आहे, भूमिहीन आहे, बऱ्याचदा दलित, वंजारी किंवा बंजारा आहे, स्थलांतरित आहे म्हणून रेशन आणि आशाताई गावात राहिली, आणि कागदावर ती कामगारच नाही. हे सगळं एकाच वेळी तिच्यावर असतं म्हणून तर पिशवी काढणं तिला सोयीचं वाटायला लागतं.

कागदाचं म्हणाल तर एक प्रसंग सांगते. अर्ज भरून घ्यायला बसलो होतो, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं तर बाई म्हणाली, "मी काय न्हाय करीत, मालकासंगं जाते." हाताला कोयत्याचे घट्टे, नखांत काळं बसलेलं, मान मोळी वाहून एका बाजूला झुकलेली, आणि मी काय न्हाय करीत. शेजारी बसलेल्या नवऱ्यानेही मान हलवली. सोबत आलेली मुलगी लिहून मोकळी झाली होती, गृहिणी. तो शब्द खोडून आम्ही ऊसतोड कामगार लिहिलं आणि पुढचा अर्धा तास मग वेगळ्याच गप्पा झाल्या, की तू नाही गेलीस तर अर्धा कोयता होतो ना, मग अर्धी उचल कुणाची.

बाईचं दुःख सारखंच म्हणणाऱ्यांना मी हेच विचारते की पाळी सगळ्यांना येते ना, मग एकीला रजा मिळायची चर्चा चालू असताना दुसरीचा खाडा का कापला जातो? शरीर सारखं असलं तरी त्या शरीराभोवतीची व्यवस्था सारखी नाही.

आणि हे आपल्याकडे अमेरिकेतून आलं असं म्हणूच नका. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, मुक्ता साळवे, तिचा निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती मध्येच बाळंतिणीवर येते, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांना किती त्रास होत असेल, असं ती लिहिते. म्हणजे बाळंतपण सगळ्या बायकांचं, पण मांग बाईचं बाळंतपण वेगळं, हे तिने जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. आजही फडात दिवस भरलेल्या बाया कोपीत बाळंत होतात, ते वाचताना मला मुक्ता आठवतेच. पुढे १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद झाली, बाबासाहेब हजर होते, सुलोचना डोंगरे अध्यक्ष होत्या. नव्वदच्या दशकात तर गोपाळ गुरू, शर्मिला रेगे या अभ्यासकांनी हा वाद उघड मांडला, की दलित स्त्रियांचं म्हणणं वेगळं आहे, ते सवर्ण स्त्रियांनी त्यांच्या वतीने बोलून भागणार नाही आणि दलित पुरुषांनी बोलूनही भागणार नाही. क्रेनशॉचं नाव ऐकलेलं नसलं तरी चालेल, पण मुक्ता साळवे आपल्या मुलींना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कायद्यात हे कसं होतं ते आता सांगते, कारण माझा निम्मा वेळ तिथेच जातो. ऑफिसातला लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो कुणामुळे आला? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवींमुळे. कुंभार समाजाच्या, सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करणाऱ्या, गुज्जर घरातला बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना सोडलं. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१३ मध्ये कायदा. गावात जातीच्या उतरंडीत खाली असलेल्या, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बाईच्या अंगावरून हा कायदा आला.

आणि त्याच कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईला काय दिलंय ते वाचा. ऑफिसातली बाई तक्रार करते तेव्हा समिती चौकशी करते, चौकशी चालू असताना बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, नोकरी टिकवून न्याय मागायची सोय आहे. घरकामगार बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार केली आणि तीत तथ्य दिसलं, तर सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची. झालं. आता पोलीस म्हटल्यावर धुणंभांडी करणारी बाई तक्रारच करत नाही, कारण त्याच सोसायटीत तिची अजून चार कामं असतात आणि केस झाली की चारही जातात, वर चोरीचा आळ यायची भीती. माझ्याकडे आलेल्या किती मावशी "पोलिसात जाणार का" एवढं ऐकून उठून गेल्यात. कायदा बाईसाठीच केला होता, पण डोळ्यापुढे केबिनमधली बाई होती.

सुप्रीम कोर्टानेही हे आता मान्य केलंय. २०२१ चा पाटन जमाल वली निकाल वाचा, न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलेला. आंध्र प्रदेशातली अंध, अनुसूचित जातीची मुलगी, तिच्यावर बलात्कार. निकालात इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे काय यावर सविस्तर लिहिलंय, की अपंगत्व, जात आणि बाई असणं हे वेगवेगळं काढून बघता येत नाही. बलात्काराची जन्मठेप कायम झाली. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द झाली, कारण घटना २०११ ची आणि तेव्हाच्या कलमानुसार गुन्हा "जातीच्या कारणावरून" झाला हे वेगळं सिद्ध करावं लागत होतं, तसा पुरावा फिर्यादी पक्षाने आणला नव्हता. ते कलम नंतर बदललं, आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत असणं पुरतं. म्हणून मी तरुण वकिलांना सांगते की नुसतं भाषणात इंटरसेक्शनॅलिटी बोलून उपयोग नाही, एफआयआर लिहितानाच जात, अपंगत्व, आरोपीची ओळख सगळं नोंदवून घ्या, नंतर ते घुसवणं अवघड जातं.

चळवळीकडूनही हे सुटलेलं आहे. मथुरा खटला सगळ्यांना माहीत असतो, १९७२, देसाईगंजचं पोलीस स्टेशन, मथुरा नावाची आदिवासी मजूर मुलगी, तिच्यावर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात तिची गरिबी, कायद्याची माहिती नसणं, वकील न मिळणं याचा विचार कोर्टाने केला नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. देशभर आंदोलन झालं, १९८३ मध्ये कायदा बदलला, ती मोठीच गोष्ट होती आणि ज्या बाया तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण बदललेल्या कायद्यात आणि पुढच्या घोषणांत ती फक्त "बाई" उरली, आदिवासी असणं मागे पडलं.

डान्सबार बंदीचंही तसंच. २००५ मध्ये राज्याने बारमधलं नाचणं बंद केलं, बाईची प्रतिष्ठा हे कारण दिलं, काही महिला संघटनांनी पाठिंबाही दिला, काही विरोधात उभ्या राहिल्या. पण तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट होती! नाच तोच, प्रतिष्ठा फक्त बारमध्येच जात होती. अखेर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही बंदी घटनाबाह्य ठरवली, पण मधल्या आठ वर्षांत हजारो बायकांची कमाई गेली, त्यांतल्या कितीतरी परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या. त्यांना विचारून कुणी ठरवलं नव्हतं.

आता "म्हणजे फक्त दलित बाईचंच बघायचं का" हा पुढचा प्रश्न येतो, तो नेहमीच येतो. नाही. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको घ्या, मराठा घरातली. जात म्हणाल तर गावात वजनाची. पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, सरकारी मदत मिळवायची तर जमीन आणि कर्ज कुणाच्या नावावर हे बघणार, सासरचे म्हणणार वाटणी मागू नको, आणि "आपल्या घरातल्या बाया दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात नाहीत" म्हणून तिला रोजंदारीही करू देणार नाहीत, दुसऱ्या लग्नाचं तर नावच नको. तिथे तिची जात तिला इज्जत देते आणि त्याच इज्जतीने तिला कोंडूनही ठेवते. तिच्या शेजारची दलित विधवा मजुरीला जाऊ शकते पण तिला गावात हात टाकायला कुणी घाबरत नाही. कुणाचं दुःख मोठं हे मोजत बसायचं नाही, दोघींना लागणारी मदत वेगळी आहे हे ओळखायचं, आणि एकच "विधवा योजना" काढून दोघींवर सोपवून द्यायची नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींनाही हे लागू होतं. क्रेनशॉने १९९१ च्या लेखात लिहिलंय की नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेल्या एका स्पॅनिश बोलणाऱ्या बाईला निवारागृहाने घेतलं नाही, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं आणि तिथल्या गटचर्चेत भाग घेता येणार नव्हता. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली मराठी मुलगी, तिकडे उच्चवर्णीय कुटुंबातली, शिकलेली, पण राहायचा हक्कच नवऱ्यावर अवलंबून, ती तक्रार करायला कचरते ते याच कारणाने.

फूट पडते हा आक्षेप मी हलका मानत नाही, गट फुटलेले मी बघितलेत. पण ते जातीचं नाव काढल्यामुळे फुटले असं मला दिसलं नाही. काही बायकांना वर्षानुवर्षं मोर्च्याला बोलवायचं, संख्या दाखवायला, आणि मागण्या मात्र आधीच टाइप करून तयार, यामुळे फुटले. ज्या बायकांना आपलं म्हणणं कागदावर दिसलं त्या कुठे जात नाहीत.

तर तुमच्या रजेच्या मागणीकडे येते. हाउसकीपिंगच्या मावशी तुमच्या कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात, ठेकेदाराच्या असतात, त्यामुळे कंपनीने पाळीची रजा दिली तरी ती त्यांना मिळणार नाही. मग मागणीत असं लिहा की कंपनी ठेकेदाराशी जो करार करते त्यातच ही रजा आणि तिचा पगार धरावा, रेट वाढवून द्यावा, नाहीतर ठेकेदार रजा देतो म्हणेल आणि रोज कापेल. ठेक्यावरच्या कामगारांसाठी संडास वगैरे सोयी ठेकेदाराने केल्या नाहीत तर मूळ कंपनीने करायच्या, हे ठेका कामगारांच्या १९७० च्या कायद्यातच होतं, त्यामुळे त्यांना कुठलं टॉयलेट वापरू देतात हेही विचारा, मी ऐकलेल्या बऱ्याच इमारतींत बेसमेंटमधलं. आणि पॉश कायद्यात ठेक्यावरची बाईसुद्धा तुमच्या कंपनीच्या समितीकडे तक्रार करू शकते, पण समितीच्या सदस्यांची नावं लॉबीत इंग्रजीत लावलेली असतात, ती मराठीत आणि हिंदीत लावून घ्या, मोठ्या अक्षरांत, त्या जिथे जेवायला बसतात तिथे.

मीटिंग संध्याकाळी पाचला ठेवली असेल तर त्या येणार नाहीत, तेव्हा त्यांची शिफ्ट संपून बस पकडायची घाई असते. आधी त्यांना वेळ विचारा, सुपरवायझरला विचारू नका. त्यांच्यातल्या दोघींना मागणी लिहायला सोबत बसवा, आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय एचआरला मेल करू नका.